कोड बदलला, सेव्ह केला, तरी ब्राउझरमध्ये जुनंच पान: बदल कुठे अडकला ते शोधायचं कसं

वेब प्रोग्रामिंग शिकायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण पहिल्या काही आठवड्यांतच भेटते, आणि पुढे कितीही वर्षं काम केलं तरी ती अधूनमधून दारात उभी राहतेच. फाइल उघडली, मथळ्याचा रंग निळ्याचा हिरवा केला, सेव्ह केलं, ब्राउझरमध्ये येऊन रीलोड केलं. मथळा निळाच. पुन्हा रीलोड. निळाच. मग रंगाचं नाव चुकलं का, सिलेक्टर चुकला का, अर्धविराम राहिला का, असं करत चांगला चालणारा कोड उलटासुलटा केला जातो. अर्ध्या तासाने मथळा अचानक हिरवा दिसतो, पण कशामुळे ते कळत नाही. म्हणूनच पुढच्या वेळी तोच अर्धा तास पुन्हा जातो.

अशा वेळी मी शिकणाऱ्यांना एकच सांगते: कोडला हात लावू नका. तुमच्या फाइलपासून तुमच्या डोळ्यांपर्यंतच्या वाटेवर तिच्या नकला चार-पाच ठिकाणी ठेवलेल्या असतात. त्यातल्या एका ठिकाणची नक्कल जुनी आहे. ती जागा कुठली एवढंच शोधायचं आहे. आणि हा शोध नीट घेतला, तर वेब कसं चालतं हे त्यातून जितकं पक्कं समजतं, तितकं नुसत्या व्याख्या वाचून समजत नाही.

आधी ती वाट

तुम्ही पत्ता टाकून एंटर दाबता. ब्राउझर डीएनएसकडून, म्हणजे नावावरून संगणकाचा आकड्यांतला पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेकडून, त्या नावाचा आयपी पत्ता मिळवतो आणि तिथल्या ठरलेल्या पोर्टशी, म्हणजे क्रमांक दिलेल्या दाराशी, जोडणी करतो: एचटीटीपीला ८०, एचटीटीपीएसला ४४३. स्वतःच्याच संगणकावर काम चालू असेल तर पत्ता लोकलहोस्ट, म्हणजे १२७.०.०.१, आणि पोर्ट ३०००, ५०००, ८००० असा काहीतरी. जोडणी झाली की ब्राउझर रिक्वेस्ट पाठवतो आणि सर्व्हर रिस्पॉन्स देतो. रिस्पॉन्समध्ये आधी स्टेटस कोड असतो, मग हेडर, म्हणजे मजकुराबद्दलच्या सूचनांच्या ओळी, आणि शेवटी खरा मजकूर. एचटीएमएल हातात आलं की ते वाचता वाचता ब्राउझरला सीएसएस, जावास्क्रिप्ट, चित्रं, फाँट यांचे पत्ते सापडत जातात, आणि त्या प्रत्येकासाठी तो वेगळी रिक्वेस्ट करतो.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबा. आपण ज्याला ‘एक पान’ म्हणतो ती बहुतेक वेळा अनेक सुट्या फाइलींची मोळी असते, आणि प्रत्येक फाइल आपापल्या वेळी, आपापल्या ठिकाणाहून आलेली असते. त्यामुळे एचटीएमएल आजचं आणि सीएसएस कालचं, असं सहज घडतं. बटण नवं दिसतं पण दाबलं की काहीच होत नाही, यामागे कित्येकदा हेच असतं: एचटीएमएल नवं, जावास्क्रिप्ट जुनं.

खूण करा, मग वाट मधोमध तोडा

जी फाइल बदलत नाही असं वाटतंय, त्याच फाइलमध्ये एक ठळक खूण टाका. एचटीएमएल असेल तर ‘तपास ४७’ असा मजकूर, सीएसएस असेल तर पूर्ण पानाची पार्श्वभूमी लाल, सर्व्हरवरचा कोड असेल तर टर्मिनलमध्ये एक ओळ छापणारी आज्ञा. रंगातला बारीकसा फरक तपासायला निरुपयोगी असतो, कारण तो आला की नाही याबद्दलच शंका राहते. आणि प्रत्येक प्रयत्नाला आकडा बदला, ४७ नंतर ४८. नाहीतर मागच्या वेळची खूण बघून तुम्ही फसाल.

आता वाट मधोमध तोडायची. टर्मिनल उघडून कर्ल (curl) ही आज्ञा लिहा आणि तिच्यापुढे त्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या. पानाचा पत्ता नव्हे, त्या फाइलचा. कर्ल ब्राउझरसारखीच रिक्वेस्ट पाठवतं, पण आधी आणलेलं काही जपून ठेवत नाही. त्यामुळे सर्व्हर या क्षणी काय देतोय तेच तुम्हाला दिसतं. तिथे नवी खूण दिसली तर सर्व्हरपर्यंत सगळं ठीक आहे आणि दोष ब्राउझरच्या बाजूला आहे. तिथेही जुनंच असेल तर ब्राउझरमध्ये काहीही करून उपयोग नाही, कारण जुनी नक्कल त्याच्याही आधी कुठेतरी बसलेली आहे. या एका चाचणीने निम्मी वाट शोधातून बाद होते. ब्राउझरची कॅश, म्हणजे त्याने जपून ठेवलेल्या नकलांचा साठा, पुसण्याआधी हे करा. आधी पुसलीत तर पुरावाच गेला.

कर्लमध्येही जुनंच दिसत असेल

पहिली शक्यता सांगायला साधी आहे, पण मी स्वतः तिच्यात एक अख्खी दुपार घालवली आहे: तुम्ही बदलताय ती फाइल आणि सर्व्हर वाचतोय ती फाइल या दोन वेगळ्या फाइली आहेत. माझ्या बाबतीत प्रकल्पाचं फोल्डर सुरक्षित राहावं म्हणून मीच त्याची प्रत करून ठेवली होती, एडिटरमध्ये ती प्रत उघडी होती आणि सर्व्हर मूळ फोल्डरमधून चालू होता. दोन्हीकडे फाइलचं नाव तेच, मजकूरही जवळजवळ तोच. तेव्हापासून एडिटरमधला पूर्ण पाथ आणि सर्व्हर सुरू केलेल्या टर्मिनलमधला पाथ शेजारी ठेवून वाचायचा, हे मी सगळ्यात आधी करते.

याचाच भाऊबंद म्हणजे बिल्ड, लिहिलेल्या कोडपासून ब्राउझरसाठीच्या फाइली तयार करण्याची पायरी. तुम्ही मूळ फोल्डरमध्ये लिहिता, पण सर्व्हर बिल्ड करून तयार झालेल्या फोल्डरमधल्या फाइली देतो. बिल्ड पुन्हा चालवलं नाही, किंवा ते मध्येच एरर देऊन थांबलं आणि तुम्ही ते टर्मिनल पाहिलंच नाही, तर जुनं फोल्डर तसंच राहतं.

तिसरा प्रकार पोर्टचा. काही डेव्हलपमेंट सर्व्हर, मागितलेला पोर्ट रिकामा नसेल तर एरर न देता पुढचा पोर्ट घेतात. वीट (Vite) हे त्याचं नेहमीचं उदाहरण. त्याचा ठरलेला पोर्ट ५१७३. कालचा सर्व्हर एखाद्या विसरलेल्या टर्मिनलमध्ये अजून चालू असेल, तर आजचा गुपचूप ५१७४ वर सुरू होतो. तुमच्या ब्राउझरचा टॅब मात्र ५१७३ वरच उघडा, म्हणजे तुम्ही कालच्या सर्व्हरशी बोलताय. सर्व्हर सुरू होताना टर्मिनलमध्ये जो पत्ता छापतो तो दर वेळी वाचा. एक ओळ असते, पण नजर तिच्यावरून घसरते.

फोल्डर बरोबर, पोर्ट बरोबर, तरी जुनंच? मग सर्व्हरच्या प्रोग्रामने तुमचा कोड आधीच मेमरीत घेऊन ठेवलेला आहे. इथे भाषेनुसार वागणं बदलतं आणि एकीकडून दुसरीकडे येणारे हमखास गोंधळतात. पीएचपीमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला फाइल नव्याने चालवली जाते, म्हणून सेव्ह केलं की बदल दिसतो. नोड किंवा पायथनमध्ये प्रोग्राम एकदा सुरू होतो आणि चालूच राहतो. सुरू होताना वाचलेला कोड तोच त्याचा कोड. डिस्कवरची फाइल नंतर बदलली हे त्याला कळत नाही. म्हणून सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. पायथनमधल्या जँगोचा डेव्हलपमेंट सर्व्हर फाइलींवर नजर ठेवून स्वतःच पुन्हा सुरू होतो, पायथनमधलंच फ्लास्क डीबग मोडमध्ये तसंच करतं, नोडमध्ये त्यासाठी वॉच हा पर्याय आहे. पण तोच जँगोचा प्रकल्प खऱ्या साइटसाठीच्या गनिकॉर्न या सर्व्हरवर चालवला की ही सोय जाते, आणि ‘माझ्या संगणकावर तर दिसत होतं’ हे वाक्य ऐकू येतं. पीएचपीवाल्यांनीही पूर्ण निर्धास्त राहू नये. ऑपकॅश ही पीएचपीची सोय चालू असेल तर तयार झालेला कोड मेमरीत राहतो; फाइल बदलली का हे तो डीफॉल्टने दर २ सेकंदांनी पाहतो, आणि खऱ्या सर्व्हरवर वेग वाढवण्यासाठी ही तपासणी कित्येकदा बंदच ठेवलेली असते.

कर्लमध्ये नवं, ब्राउझरमध्ये जुनं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ‘कॅश क्लिअर कर’ एवढाच सल्ला देऊन तो नेहमी मिटवला जातो.

ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबवर जा आणि पान साधं रीलोड करा. अडलेल्या फाइलची ओळ शोधा. क्रोममध्ये साइझच्या रकान्यात ‘डिस्क कॅश’ किंवा ‘मेमरी कॅश’ असं लिहिलेलं दिसलं तर ती फाइल सर्व्हरकडून आलेलीच नाही. ब्राउझरने स्वतःजवळची नक्कल लावली आणि सर्व्हरला विचारलंही नाही. स्टेटस ३०४ असेल तर ब्राउझरने विचारलं, ‘माझ्याकडे ही प्रत आहे, ती चालेल का?’, आणि सर्व्हर म्हणाला, ‘बदल नाही, तीच वापर.’ २०० असेल आणि साइझच्या रकान्यात बाइट्सचा आकडा असेल तर फाइल खरोखर सर्व्हरकडून आली.

पण विचारायचं की नाही हे ब्राउझर ठरवतो कशावरून? मागच्या खेपेला त्या फाइलबरोबर आलेल्या हेडरवरून. टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ सालच्या एचटीटीपीमध्ये रिक्वेस्ट म्हणजे एकच ओळ होती, हेडर हा प्रकारच नव्हता, त्यामुळे नक्कल किती दिवस वापरावी हे सांगायला जागाही नव्हती. मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० लिहून निघालं तेव्हा त्यात एक्स्पायर्स आणि लास्ट-मॉडिफाइड आले. कॅश-कंट्रोल हे हेडर जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासूनचं. आज लागू असलेले कॅशचे नियम जून २०२२ च्या आरएफसी ९१११ या प्रमाण दस्तऐवजात आहेत. एकाच कामाला इतकी हेडर का, असा प्रश्न नवशिक्याला पडतो; त्याचं उत्तर या थरांमध्ये आहे.

कॅश-कंट्रोलमध्ये मॅक्स-एज ३६०० लिहिलं असेल तर ब्राउझर ३६०० सेकंद, म्हणजे तासभर, ती प्रत ताजी धरतो आणि सर्व्हरला विचारत नाही. नो-स्टोअर म्हणजे साठवूच नको. आणि नो-कॅश? नावावरून वाटतं की कॅश करू नको, पण त्याचा अर्थ तसा नाही: साठव, पण दर वेळी वापरण्याआधी सर्व्हरला विचार. या नावाने फार लोकांची फसगत केली आहे. बदल लगेच दिसावा आणि फुकटचा डेटाही जाऊ नये, असं हवं असेल तर नो-कॅशच योग्य. फाइल बदलली नसेल तर छोटासा ३०४ येतो, बदलली असेल तर पूर्ण फाइल. हे विचारणं होतं ईटॅगच्या, म्हणजे फाइलच्या त्या आवृत्तीला सर्व्हरने दिलेल्या ओळखखुणेच्या, किंवा शेवटच्या बदलाच्या वेळेच्या आधारावर.

आता खरी मेख. सर्व्हरने कॅश-कंट्रोल आणि एक्स्पायर्स यांपैकी काहीच पाठवलं नाही तर? बहुतेकांना वाटतं की मग ब्राउझर काही साठवत नसेल. उलट आहे. अशा वेळी अंदाज बांधायची मुभा ब्राउझरला आहे, आणि नेहमीचा अंदाज असा: फाइल शेवटची बदलून जितका काळ झाला, त्याच्या १० टक्के काळ ती ताजी समजायची. फाइल १० मिनिटांपूर्वी बदललेली असेल तर १ मिनिट. फाइल ५० दिवस जुनी असेल तर ५ दिवस! हा हिशेब कागदावर एकदा मांडून पाहा, म्हणजे पुढचं कोडं सुटतं. तुमच्या संगणकावर फाइल सतत बदलत असते, त्यामुळे अंदाज काही सेकंदांचा निघतो आणि सगळं सुरळीत वाटतं. खऱ्या साइटवर तीच फाइल दोन महिने शांत पडून असते. कालच येऊन गेलेल्या माणसाच्या ब्राउझरने तिला आणखी पाच-सहा दिवसांची मुदत देऊन टाकलेली असते. आज तुम्ही नवी फाइल चढवलीत, पण त्याला ती दिसणार नाही, आणि तुम्हाला मात्र दिसेल.

रीलोडबद्दलही एक गैरसमज आहे. साध्या रीलोडमध्ये क्रोम मुख्य पानाची फेरतपासणी करतो, पण त्यातल्या सीएसएस, जावास्क्रिप्ट वगैरे फाइली अजून ताज्या ठरत असतील तर न विचारता जुन्याच लावतो. म्हणून दहा वेळा रीलोड केलं तरी रंग निळाच राहतो. हार्ड रीलोड, म्हणजे कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र, सगळं सर्व्हरकडून मागवतो. विकासाचं काम चालू असताना नेटवर्क टॅबमधल्या ‘डिसेबल कॅश’ या चौकोनात टिक करून ठेवा. फक्त तो डेव्हलपर टूल्स उघडी असेपर्यंतच लागू असतो हे ध्यानात असू द्या.

हार्ड रीलोडने नवं, साध्या रीलोडने पुन्हा जुनं

हे लक्षण दिसलं तर संशय थेट सर्व्हिस वर्करवर घ्या. कारण असं: साधी कॅश असती तर हार्ड रीलोडने तिच्यात नवी प्रत बसली असती आणि पुढचा साधा रीलोडही नवाच दिसला असता. सर्व्हिस वर्कर म्हणजे पान आणि नेटवर्क यांच्यामध्ये उभं राहणारं जावास्क्रिप्ट. ते रिक्वेस्ट अडवून स्वतःच्या साठ्यातून उत्तर देऊ शकतं. हार्ड रीलोड त्याला वळसा घालून जातो, साधा रीलोड नाही.

लोकलहोस्टवर याचा फार चमत्कारिक अनुभव येतो. सर्व्हिस वर्कर प्रकल्पाला बांधलेला नसतो, ओरिजिनला बांधलेला असतो: प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट. मागच्या वर्षी लोकलहोस्टच्या ३००० पोर्टवर एखाद्या सरावाच्या प्रकल्पाने तो नोंदवला असेल, तर आज त्याच पोर्टवर पूर्णपणे वेगळा प्रकल्प चालू केला तरी समोर तो जुना सराव येऊन उभा राहतो. पहिल्यांदा पाहिल्यावर माणूस खरंच घाबरतो. डेव्हलपर टूल्समध्ये ॲप्लिकेशन टॅब, त्यात सर्व्हिस वर्कर्स, तिथे ‘अनरजिस्टर’; मग त्याच टॅबमधून त्या ओरिजिनचा साठाही पुसा.

अडकलेलं ३०१

एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवताना ३०१ वापरलं की त्याचा अर्थ ‘कायमचं हललं’. ब्राउझर ते शब्दशः घेतो आणि पुढच्या वेळी जुन्या पत्त्यावर सर्व्हरला न विचारताच नव्या पत्त्यावर जातो. चुकून केलेलं ३०१ सर्व्हरवरून काढून टाकलं तरी तुमच्या ब्राउझरला ते कळत नाही, कारण तो आता त्या पत्त्यावर विचारायलाच जात नाही. तुमच्या ब्राउझरमधून कॅश पुसून ते निघेल, वापरणाऱ्यांच्या ब्राउझरमधून तुम्ही ते काढू शकत नाही. म्हणून पक्की खात्री होईपर्यंत ३०२ च वापरा.

साइट प्रत्यक्ष चालू असताना

इथे वाटेवर आणखी एक थांबा येतो, सीडीएन: तुमच्या फाइलींच्या प्रती ठिकठिकाणच्या केंद्रांत ठेवून जवळून देणारी सेवा. कर्लने हेडरसकट रिस्पॉन्स पाहा (आज्ञेनंतर डॅश आणि छोटा आय) आणि त्यात एज (Age, म्हणजे प्रतीचं सेकंदांतलं वय) हे हेडर आहे का ते बघा. एज ७२०० म्हणजे ही प्रत मधल्या कुणाकडे दोन तासांपासून पडून आहे. अशा वेळी सीडीएनच्या पॅनेलवरून ती फाइल पर्ज करायची, म्हणजे तिथली प्रत पुसायची. काही ठिकाणी नवं आणि काही ठिकाणी जुनं दिसतं, तेव्हाही बहुधा हेच कारण, कारण सीडीएनच्या प्रत्येक केंद्रात वेगळी प्रत असते.

डीएनएसचा संशय फक्त सर्व्हर हलवला असेल तरच घ्या. टीटीएल, म्हणजे डीएनएसचं उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो काळ, ८६४०० सेकंद ठेवलेला असेल तर जुना आयपी दिवसभर लोकांकडे राहू शकतो. म्हणून हलवण्याच्या आदल्या दिवशी तो ३०० वर आणून ठेवावा.

पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून

वापरणाऱ्यांना ‘कॅश क्लिअर करा’ असं सांगणं हा उपाय नव्हे. त्यांनी ते का करावं? काम आपलं आहे.

कॅशच्या दृष्टीने फाइलची ओळख म्हणजे तिचा पत्ता. पत्ता बदलला की ती नवी फाइल. हेच हाताशी धरायचं. सीएसएस आणि जावास्क्रिप्टच्या नावातच मजकुरावरून काढलेली काही अक्षरं, म्हणजे हॅश, घालायची. मजकूर बदलला की हॅश बदलतो, नाव बदलतं, ब्राउझर नव्याने मागवतो. वीट बिल्ड करताना हे आपोआप करतं, वेबपॅकमध्ये कंटेंट-हॅश लिहून सांगावं लागतं. अशा फाइलींना मॅक्स-एज ३१५३६०००, म्हणजे पूर्ण वर्षभर, बिनधास्त द्या. एचटीएमएलला मात्र नो-कॅश, कारण नवी नावं कुठली हे त्यातूनच कळणार. ही जोडी उलटी झाली, म्हणजे एचटीएमएल वर्षभर साठवलं गेलं, तर हॅशचा काहीच फायदा नाही. मी हा घोळ दोन वेगवेगळ्या प्रकल्पांत पाहिला आहे.

बिल्ड वगैरे काही वापरत नसाल तर पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह देऊन आवृत्तीचा आकडा लावा. चालतं, फक्त तो आकडा हाताने वाढवायचं विसरायला होतं, आणि काही सीडीएन प्रश्नचिन्हापुढचा भाग धरतच नाहीत.

आणखी एक. नवी आवृत्ती चढवताना जुन्या हॅशच्या फाइली त्याच क्षणी काढून टाकू नका. कुणाच्या तरी टॅबमध्ये सकाळपासून जुनं पान उघडं असतं. दुपारी तो एखादं बटण दाबतो, जुनं पान जुन्या नावाचा तुकडा मागतं, आणि फाइलच नसल्यामुळे ४०४ येऊन सगळं पांढरं पडतं. जुन्या फाइली काही दिवस राहू द्या, मग साफ करा.

एवढं करूनही अडलंच आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर ‘बदल दिसत नाही’ एवढंच सांगू नका. फाइलचा पत्ता, कर्लमध्ये खूण दिसली की नाही, नेटवर्क टॅबमधला स्टेटस आणि साइझ, आणि कॅश-कंट्रोल, ईटॅग, एज या तीन हेडरच्या किमती लिहून द्या. समोरचा बहुधा पहिल्याच उत्तरात जागा सांगेल.